‘फाइल कुठेय?’ ‘लॅपटॉपमध्ये!’

एक छोटं काम करा. परवा क्लासच्या ग्रुपवर आलेली नोट्सची पीडीएफ व्हॉट्सअॅप न उघडता काढून दाखवा. सर्च करायचं नाही, ‘रिसेंट’मध्ये डोकवायचं नाही. ती फोनमध्ये जिथे ठेवलीय तिथपर्यंत स्वतः जायचं आणि उचलायची. जमतंय?

अँड्रॉइड फोन असेल तर रस्ता साधारण असा : इंटर्नल स्टोरेज, त्यात अँड्रॉइड, त्यात मीडिया, त्यात ‘कॉम डॉट व्हॉट्सअॅप’, त्यात व्हॉट्सअॅप, त्यात पुन्हा एक मीडिया आणि त्यात व्हॉट्सअॅप डॉक्युमेंट्स. सात दारं! आणि सातव्या दारामागे तुमच्या पीडीएफसोबत अकरावीपासूनचं काय काय पडलेलं असतं, ते बघून दचकू नका.

आपण आळशी आहोत म्हणून हे होतं, असं मला वाटत नाही. आपल्या आधीच्या पिढीने कॉम्प्युटर शिकताना आधी फोल्डर पाहिला, आपण आधी अॅप पाहिलं. आणि ‘फाइल कुठे ठेवलीय’ हा प्रश्न तुम्हाला पडूच नये, यासाठीच अॅपची सगळी धडपड असते. फोटो गॅलरीत, गाणी गाण्यांच्या अॅपमध्ये, असाइनमेंट ड्राइव्हवर. कुणी विचारलं ‘फाइल कुठेय?’ तर आपलं उत्तर ठरलेलं : ‘लॅपटॉपमध्ये!’ म्हणजे ‘आजोबा कुठे गेलेत?’ याला ‘महाराष्ट्रात’ म्हणून मोकळं होण्यासारखं.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. २०२१ मध्ये ‘द व्हर्ज’ने यावर मोठा लेख केला होता. अमेरिकेतल्या एका खगोलभौतिकीच्या प्राध्यापिका २०१७ मध्ये इंजिनिअरिंगचा एक कोर्स शिकवत होत्या. मुलं सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर चालवत होती आणि एकामागून एकाला तोच एरर : फाइल सापडत नाही. बाईंनी विचारलं, तुम्ही ती सेव्ह कुठे केलीय? तर मुलांना प्रश्नच कळेना. पुढे त्यांनी सहकाऱ्यांशी बोलून पाहिलं, तर त्यांच्याही वर्गात तेच. विशेष म्हणजे ही मुलं इंजिनिअरिंगची होती, आमच्यासारखी मास कॉमची नव्हे!

तर माझं म्हणणं थोडं आगाऊ वाटेल, पण मांडते. कॉलेजात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला, मग तो बीए मराठी असो, बीकॉम असो की बीएमएस, त्या काळ्या पडद्यावर फोल्डरमधून फोल्डरमध्ये जाता आलं पाहिजे. टर्मिनल उघडायचं आणि तीन कमांड. थांबा, पान उलटू नका. मी कुणाला कोडर व्हायला सांगत नाहीये.

पहिली कमांड पीडब्ल्यूडी. (सार्वजनिक बांधकाम विभाग नव्हे. ‘प्रिंट वर्किंग डिरेक्टरी’.) म्हणजे ‘मी आत्ता कुठे उभा आहे?’ दुसरी एलएस, म्हणजे ‘इथे काय काय आहे?’ आणि तिसरी सीडी, ‘चेंज डिरेक्टरी’. सीडी लिहायचं, स्पेस द्यायची, समोर दिसणाऱ्या फोल्डरचं नाव लिहून एंटर मारायचं, की तुम्ही आत. नावाऐवजी दोन टिंबं दिलीत तर एक पायरी बाहेर. दोन टिंबं, तिरकी रेघ, पुन्हा दोन टिंबं, तर दोन पायऱ्या बाहेर. लिनक्स किंवा मॅकवर सीडीपुढे नुसता डॅश दिला, तर मगाशी जिथे होतात तिथे परत. टीव्हीच्या रिमोटवर मागच्या चॅनेलवर न्यायचं बटण असतं ना, तसंच.

बस, एवढंच. पण यात एक गंमत आहे, जी माउसने कळत नाही. तुम्ही कायम ‘कुठेतरी’ असता. टर्मिनलमध्ये अधांतरी कुणीच नसतं. गावात उभं राहून कुणाला पत्ता विचारलात, तर सांगणारा दोन प्रकारे सांगू शकतो. एक म्हणजे मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा. हा पत्ता तुम्ही नागपुरात असा की सावंतवाडीत, बदलत नाही. दुसरा : ‘या देवळापासून मागे या, मग डावीकडची गल्ली, दुसरं घर.’ हा बरोबर असतो, पण तुम्ही त्याच देवळापाशी उभे असाल तरच. कॉम्प्युटरमध्येही हेच दोन प्रकार. पहिल्याला म्हणतात अॅब्सोल्यूट पाथ, दुसऱ्याला रिलेटिव्ह पाथ. फरक एवढाच की आपण पाकिटावर पत्ता घरापासून जिल्ह्याकडे लिहीत जातो आणि कॉम्प्युटर मोठ्याकडून छोट्याकडे येतो. तेही आपल्याला नवीन नाही. घरच्यांसाठी ऑनलाइन सातबारा काढून दिला असेल तर आठवा : जिल्हा निवडा, तालुका निवडा, गाव निवडा, मग गट नंबर. ते पान भरताना तुम्ही तीन वेळा सीडी केलेलंच असतं, फक्त ड्रॉपडाउनमधून.

आता म्हणाल, इतकं कशाला? सर्च आहे की! नाव टाकलं की फाइल येते.

येते ना. नाव आठवत असेल तर येते. ‘असाइनमेंट फायनल’ टाकून बघा. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल फायनल’, ‘फायनल सरांनी सांगितलेलं’ अशा चार येतील. यातली कुठली खरी, हे सर्च सांगत नाही. कुठली कुठे आहे यावरून ते कळतं. आणि सर्चवर जगणाऱ्यांचा खरा घोळ वेगळाच असतो. फाइल आपल्याला सापडते, पण दुसऱ्या प्रोग्रॅमला सापडत नाही. कारण तो सर्च करत नाही, तो पत्त्यावर जातो.

आमच्या आधीच्या बॅचमधल्या एका ग्रुपचं ऐका. कुंभारवाड्यावर डॉक्युमेंटरी केली होती. अडीच महिने शूट, सुट्टीचे दिवससुद्धा सोडले नाहीत. एडिटिंग लॅबमध्ये, सगळं एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर. सोमवारी सकाळी दहाला सबमिशन आणि लगेच स्क्रीनिंग. रविवारी लॅब बंद, म्हणून शेवटचा हात फिरवायला डिस्क एकाच्या घरी नेली. लॅपटॉपला लावून प्रोजेक्ट उघडला, तर टाइमलाइनवर सगळ्या क्लिप लाल. ‘मीडिया ऑफलाइन.’ व्हायरस आला, डिस्क गेली, कुणीतरी डिलीट केलं, सगळे अंदाज झाले. दोघांचं भांडणही झालं म्हणे.

झालं होतं एवढंच, की एडिटिंग सॉफ्टवेअर तुमचं फुटेज पोटात घेत नाही. ते फक्त पत्ता लिहून ठेवतं. लॅबमध्ये ती डिस्क ई ड्राइव्ह होती, घरच्या लॅपटॉपवर एफ झाली. फुटेज जागचं हललं नव्हतं, पत्त्याचं पहिलं अक्षर बदललं होतं. रात्री एकाने मोठ्या भावाला व्हिडिओ कॉल केला, त्याने पाचव्या मिनिटाला ओळखलं आणि तासाभरात बहुतेक क्लिप जागेवर आल्या.

बहुतेक. दोन मुलाखती आल्याच नाहीत. त्या घाईघाईत लॅबच्या मशीनच्या डेस्कटॉपवर उतरवल्या होत्या आणि तिथूनच टाइमलाइनवर ओढल्या होत्या. डिस्कवर त्या कधी आल्याच नव्हत्या. टाइमलाइनवर दिसतायत म्हणजे डिस्कवर आहेत, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. लॅब उघडते साडेदहाला, त्यामुळे डॉक्युमेंटरी त्या दोन मुलाखतींशिवाय गेली. त्यातली एक होती चाकावर बसणाऱ्या आजींची. स्क्रीनिंगला आजी आल्या होत्या, नातीला घेऊन. शेवटपर्यंत बसून राहिल्या.

फुटेज नंतर मिळालं. पण माझं म्हणणं असं, की पाच जणांपैकी एकाला जरी ‘हे फुटेज नेमकं कुठल्या पत्त्यावर आहे?’ हा प्रश्न विचारायची सवय असती, तर हे झालं नसतं. ही टेक्निकल हुशारी नाही. पावती कुठल्या खणात ठेवलीय, हे घरातल्या एका माणसाला ठाऊक असतं, तेवढीच ही गोष्ट.

बरं, विंडोजवाल्यांनो, तुमचा डेस्कटॉप तरी डेस्कटॉपवर आहे का? वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल, तर डोळ्यांना दिसणारा डेस्कटॉप प्रत्यक्षात तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये, त्यातल्या वनड्राइव्हमध्ये, आत जाऊन डेस्कटॉप असा बसलेला असतो. मग पायथॉनच्या वर्गात पुस्तकातला जुना पाथ टाकला की एरर येतो आणि मुलं म्हणतात, ‘सर, समोर दिसतेय तर फाइल!’ समोर दिसणं आणि तिथे असणं यात फरक आहे. टर्मिनल उघडून जिथे उभे आहात तो पत्ता छापून घेतलात, तर तो लगेच दिसतो.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. मैत्रीण म्हणाली, आता एआय आहे. मी त्याला सांगते, ते कमांड लिहून देतं, मी पेस्ट करते. विषय संपला.

संपत नाही ना. चॅटबॉट सांगतो, ‘सीडी डाउनलोड्स करा, मग ही कमांड चालवा.’ तो धरून चाललेला असतो की तुम्ही होम फोल्डरमध्ये उभे आहात. तुम्ही असता भलतीकडे. मग येतं, ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. तुम्ही तो एरर परत चॅटबॉटला देता, तो आणखी लांब कमांड देतो, आणि अर्ध्या तासाने तुमच्या लॅपटॉपमध्ये तीन वेगवेगळ्या ठिकाणी एकाच नावाचे तीन फोल्डर तयार झालेले असतात. देवळापासून डावीकडे वळायला सांगितलंय आणि आपण एसटी स्टँडवर उभे. सांगणारा चुकला नाही, आपण कुठे आहोत ते त्याला सांगितलं नाही. तेच सांगायचं तर आधी पीडब्ल्यूडी मारावं लागतं.

इथे मला युनिक्सच्या जन्माच्या वेळचा एक किस्सा सांगायचाच आहे, कारण तो मला फार आवडतो. युनिक्स बेल लॅब्जमध्ये १९६९ मध्ये सुरू झालं, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या हातून. आज जी सीडी आहे तिचं तेव्हाचं नाव सीएचडीआयआर, आणि ती नीट चालत होती. मग त्यांनी शेलची पद्धत बदलली : प्रत्येक कमांडसाठी शेलने स्वतःची एक प्रत काढायची, काम त्या प्रतीने करायचं आणि संपायचं. मूळ शेल वाट बघत बसणार. पद्धत झकास होती, सगळे खूश. आणि लक्षात आलं की फोल्डर बदलायची कमांड चालेनाशी झालीय! आधी वाटलं प्रोग्रॅममध्ये काही बिघडलं. वाचून वाचून थकले, प्रोग्रॅम तर बरोबर होता.

कारण ऐका. समजा, तुम्हाला गिरणीत जायचंय. तुम्ही सोफ्यावरून धाकट्या भावाला म्हणालात, ‘गिरणीत जा.’ तो गेला. तो गिरणीत पोहोचला हे खरं, पण तुम्ही अजून सोफ्यावरच! सीएचडीआयआरचं तेच झालं. शेलची प्रत इमानदारीत त्या फोल्डरमध्ये जायची, काम झालं म्हणून संपून जायची, आणि मूळ शेल होतं तिथेच. शेवटी उपाय एकच निघाला. फोल्डर बदलायचं काम दुसऱ्याकडे द्यायचं नाही, शेलने ते स्वतः करायचं. आजही तुमच्या लॅपटॉपवर सीडी हा वेगळा प्रोग्रॅम म्हणून चालत नाही, शेलच्या पोटातच असतो, तो याच कारणाने. (सीडी हे दोन अक्षरी नाव पुढे १९७९ च्या सातव्या आवृत्तीत आलं.) स्क्रिप्टमध्ये सीडी लिहिली, स्क्रिप्ट नेहमीसारखी चालवली आणि संपल्यावर आपण होतो तिथेच राहिलो, असं झालं असेल तर तेही यामुळेच. भाऊ गिरणीत जाऊन आला.

आता मला सांगा, हा किस्सा कुठल्या प्रॅक्टिकलमध्ये कुणी सांगितला? बीएस्सी आयटीच्या माझ्या मैत्रिणीचं लिनक्सचं जर्नल मी बघितलं. एम, थिअरी, कमांड, आउटपुट. सीडीचं आउटपुटही हाताने लिहिलेलं, समासाला लाल रेघ, खाली सही. व्हायवाला प्रश्न आला, ‘सीडीचा फुलफॉर्म?’ उत्तर आलं, ‘चेंज डिरेक्टरी, सर.’ पैकीच्या पैकी. त्याच मैत्रिणीला मी म्हटलं, आत्ता टर्मिनलमधून तुझ्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन दाखव, तर ती आधी माउसच शोधायला लागली. दोष तिचा नाही. पोहणं काठावर बसून वहीत उतरवून घेतलंय तिच्याकडून. आणि ज्यांचा विषयच आयटी नाही, त्यांना तर काठही दाखवलेला नाही.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. नवा पेपर नको, क्रेडिट नको, सर्टिफिकेट तर मुळीच नको. पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या शाखांना लॅबमध्ये एक तास. माउस काढून घ्या. मशीनमध्ये पाच फोल्डर आत एक फाइल लपवा आणि म्हणा, शोधून आणा. ट्रेझर हंट! फ्रेशर्स पार्टीतल्या खेळांपेक्षा नक्की बरा होईल.

एका बाबतीत मात्र थट्टा नको. टर्मिनलमध्ये डिलीट केलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही, सरळ जातं. म्हणून काहीही पुसण्याआधी आपण कुठे आहोत ते छापून बघायचं, ही सवय लावून घ्या. मोठमोठे लोक इथे आपटलेत. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीतल्या एका इंजिनिअरला दुय्यम सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी पुसायची होती. कमांड बरोबर, डिरेक्टरी बरोबर, पण तो उभा होता मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, त्याने थांबवलं. तेवढ्यात सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. साधारण सहा तासांचा डेटा कायमचा गेला. कंपनीने हे लपवलं नाही, उलट डेटा परत आणायचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं, हे मला पत्रकारितेची विद्यार्थिनी म्हणून भारी वाटतं. पण मूळ घोटाळा काय, तर ‘मी आत्ता कुठे आहे?’

सुरुवात करायची असेल तर आज रात्रीच करा, पण पुसापुशी सोडून. नुसतं फिरा. फिरल्याने काही बिघडत नाही. विंडोज ११ मध्ये टर्मिनल शोधून उघडलंत, तर साधारणपणे पॉवरशेल येतं, त्यात वरच्या तिन्ही कमांड चालतात. जुनं काळं कमांड प्रॉम्प्ट उघडलं तर एलएसऐवजी डीआयआर लिहा, आणि पीडब्ल्यूडीऐवजी नुसतं सीडी लिहून एंटर मारा, पत्ता छापून येतो. त्यात सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर जायला सीडीनंतर तिरकी रेघ आणि डी हे अक्षर लागतं, नाहीतर काहीच झालं नाही असं वाटतं. विंडोजची पाथमधली रेघ उलटी का, असा प्रश्न पडला असेल तर उत्तर जुनं आहे : १९८३ च्या डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, तोवर सरळ तिरकी रेघ कमांडच्या पर्यायांसाठी वापरून झाली होती. राहिली ती उलटी.

नावं पूर्ण टाइप करत बसू नका. दोन-तीन अक्षरं लिहून टॅब दाबा, उरलेलं नाव तो भरतो. टॅब दाबूनही भरलं नाही, तर एकतर त्या अक्षरांनी सुरू होणारी नावं इथे एकापेक्षा जास्त आहेत, किंवा त्या नावाचं इथे काही नाही आणि आपण चुकीच्या खोलीत आहोत. नावात स्पेस असेल, म्हणजे आपलं लाडकं ‘न्यू फोल्डर’, तर ते अवतरणचिन्हात टाका, नाहीतर शेल त्याला दोन वेगळे शब्द समजतं. सबमिशनच्या फोल्डरना स्पेसऐवजी अंडरस्कोर देणारे सीनिअर उगाच स्टाइल मारत नसतात, हे तेव्हा कळेल.

आणि माउस अगदीच सुटत नसेल तर विंडोजमध्ये एक सोय आहे. नेहमीसारखा फोल्डर उघडा, वरच्या पत्त्याच्या पट्टीत क्लिक करा, सीएमडी अशी तीन अक्षरं टाइप करून एंटर मारा. काळी खिडकी थेट त्याच फोल्डरमध्ये उघडते. उलटंही जमतं : टर्मिनलमध्ये ‘एक्सप्लोरर’ लिहा, स्पेस, एक टिंब. एक टिंब म्हणजे ‘इथेच’. तुम्ही जिथे उभे आहात तो फोल्डर नेहमीच्या खिडकीत उघडतो. मॅकवर ‘ओपन’ लिहून तेच टिंब द्या. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवून तासभर आत-बाहेर करून बघा. एकीकडे टाइप करा, दुसरीकडे काय दिसतंय ते बघा. मग फोन हातात घ्या आणि ती पीडीएफ काढून दाखवा.